बंद धावपट्टीवरचा 'टावर' आणि हँगर: बारमाही राहायचं घर करायचंय, सुरुवात कशापासून?

माळरान:
नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, त्यामुळे तपशील एकदमच देतो.

लातूर-धाराशिवच्या हद्दीजवळ मुरमाड माळावर चाळीसच्या दशकातली बंद धावपट्टी आहे. पट्टी पूर्व-पश्चिम. तिच्या दक्षिण अंगाला दोन बांधकामं उभी आहेत. एक दुमजली ऑफिस, गावात सगळे त्याला टावर म्हणतात. ३५ × ३४ फूट, नऊ इंची विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब. वरच्या मजल्यावर धावपट्टीकडे, म्हणजे उत्तरेला, जवळजवळ भिंतभर लांब खिडकी आणि तिच्यापुढे पाइपच्या कठड्याची गॅलरी.

दुसरं हँगर. ६० × १०० फूट, दर साडेबारा फुटांवर लोखंडी कैची (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा), कडेची उंची १७ फूट, वर सिमेंटचे नागमोडी पत्रे. पूर्वेच्या टोकाला सरकते दरवाजे, त्यांचा रूळ मातीनं बुजलाय.

चौघांनी बाराही महिने राहायचं आहे, सुट्टीपुरतं नाही. दोन इंजिनिअरांचं मत पडलं की हँगर भंगारात काढा आणि त्या जागी आरसीसी बांधा. मला दोन्ही बांधकामं ठेवायची आहेत. राहायचं टावरमध्ये की हँगरमध्ये? मे महिन्यातल्या उन्हाचं काय करायचं? आणि पहिला पैसा कशावर घालायचा?

नमुना सात:
पहिला पैसा कागदांवर, माळरान भाऊ. विटेला हात लावण्याआधी.

जुन्या धावपट्टीची जमीन अनेकदा सरकारनं घेतलेली असते आणि कसणारा भलताच असतो. आजचा सातबारा नावावर आहे एवढ्यावर थांबू नका. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढायचं आणि तिथून आजपर्यंतचे सगळे फेरफार ओळीनं लावायचे. मधला एक जरी फेरफार सापडला नाही तर तिथंच थांबा. 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल, किंवा मूळ जमीन इनाम वा मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं इनाम) असेल, तर १९५४ चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा लागतो. परवानगीशिवाय झालेला जुना व्यवहार तिथं आडवा येतो. निजामकाळचे कागद उर्दूत असतात. वाचणारा माणूस गाठून त्याच्याकडून मराठी नक्कल करून घ्या, अंदाजानं अर्थ लावू नका.

बिगरशेतीचं त्यानंतर. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर महसूल संहितेच्या ४२-ड कलमानं काम सोपं होतं. माळावर ते बहुधा लागू होणार नाही.

गोदाकाठ:
+१. यात एक भर. चालू विमानतळापासून २० किलोमीटरच्या आत असाल तर उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत लागू शकतं. गच्चीवर पाण्याची टाकी, सोलरचा सांगाडा, अँटेना चढवली की तीही उंचीत धरतात. चिकलठाण्याच्या आसपास बांधणाऱ्यांना हे माहीत असतं, लातूर-नांदेडकडे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आणि संभाजीनगर-दौलताबाद पट्ट्यात कुणी असाच विचार करत असेल तर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित. तिथं दुरुस्तीलासुद्धा परवानगी लागते.

रिव्हेट:
हँगर भंगारात काढा म्हणणाऱ्यांनी लोखंड मोजलंय का, हे आधी विचारा. ६० फूट रुंदीचं छप्पर मधे एकही खांब न घेता आज नव्यानं उभं करायला काय खर्च येतो त्याचं दरपत्रक मागवा, मग बोला.

तपासणी अशी करायची. प्रत्येक कैचीला नंबर घाला. अल्ट्रासॉनिक जाडीमापक भाड्यानं मिळतं. त्यानं प्रत्येक कैचीची खालची पट्टी, टेकूचा सांधा आणि खांबाचा बुंधा अशा तीन जागी जाडी घ्या. कैची मधोमध क्वचितच सडते. सडतो तो खांबाचा जमिनीलगतचा वीतभर भाग, कारण तिथं माती, शेण, पालापाचोळा साठून ओल धरते. तेवढी माती काढून बुंधा पूर्ण उघडा करा. रिव्हेट हातोडीनं वाजवून बघा: घट्ट असेल तर खणखणीत आवाज येतो, सैल असेल तर बद्द. सैल रिव्हेट काढून त्या जागी ८.८ ग्रेडचा बोल्ट.

वेल्डिंगची घाई नको. त्या काळच्या पोलादात गंधक-फॉस्फरस जास्त असू शकतं, वेल्डच्या कडेला तडा जातो. कमी ताणाच्या जागेवरून लहान तुकडा कापून रासायनिक चाचणी करून घ्या. अहवाल येईपर्यंत सगळी मजबुती पट्टी आणि बोल्टनं.

लाल प्रायमर दिसत असेल तर तो शिशाचा धरून चाला. आता घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, जुन्या लाल प्रायमरमध्ये शिसं हाच मुख्य घटक असायचा. ग्राइंडर लावायचा नाही, कोरडं घासायचं नाही. ओलं करून खरवडायचं, खाली ताडपत्री, खपल्या गोळा करून बंद डब्यात. घरात लहान मूल असेल तर हा नियम दुप्पट कडक पाळा.

दख्खनी पंख:
व्वा, काय धागा आहे! थोडं इतिहासाचं बोलतो.

१९३६ मध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी बेलमन नावाचं सुट्या भागांचं हँगर निघालं. एकसारख्या जाळीदार चौकटी बोल्टनं जोडायच्या, गरज संपली की खोलून दुसरीकडे न्यायच्या. ते रुंदीला ९० फुटांच्या आसपास असे, म्हणजे तुमचं त्याहून लहान आहे, पण तत्त्व तेच असण्याची शक्यता वाटते. सांधे बोल्टचे आहेत की रिव्हेटचे बघा. बोल्टचे असतील तर एखादी खराब चौकट सुटी काढून जमिनीवर दुरुस्त करता येईल, हा फार मोठा फायदा आहे. गर्डरच्या पोटावर कारखान्याचं उठावदार नाव असतं तेही शोधा, त्यावर रंग चढवून ते बुजवू नका.

टावरचं वर्णन युद्धकाळातल्या 'वॉच ऑफिस'शी जुळतंय. इंग्लंडमध्ये १९४३ चा एक ठरलेला नकाशा होता, क्रमांक ३४३/४३. दुमजली, साधारण चौकोनी, गॅलरीसकट. तिथं अशी कित्येक ऑफिसं आज घरं झालीत. नॉरफोकमधल्या नॉर्थ क्रीकच्या टावरमध्ये पाहुणे उतरतात. लिव्हरपूलच्या स्पीक विमानतळाची तीसच्या दशकातली टर्मिनल इमारत हॉटेल झाली, न्यूयॉर्कचं १९६२ चं टीडब्ल्यूए टर्मिनल २०१९ मध्ये हॉटेल म्हणून उघडलं.

आपल्याकडे हा वारसा गेला तो दुर्लक्षानं. निजामाच्या राज्यात १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज सुरू झाली, १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. त्या काळातलं जे काही माळावर उभं राहिलंय ते टिकलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ऑफिसच्या भिंतीवर जुनी अक्षरं, बाण, वाऱ्याची दिशा असं काही रंगवलेलं दिसलं तर त्यावर चुन्याचा हात फिरवण्याआधी फोटो काढा आणि मोजमापं घ्या.

कुरडई:
फोटो टाका ना दादा! आणि धावपट्टी अजिबात उकरू नका. उन्हाळी वाळवणाला एवढी जागा अख्ख्या तालुक्यात कुणाकडे नसेल 🙂

ओला कपडा:
सगळे लोखंडावर बोलताय, वरच्या पत्र्यांचं कोण बघणार? जुने सिमेंटचे नागमोडी पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस. ६० × १०० च्या छपराला ३ मीटरचे अंदाजे २१० ते २२० पत्रे, वजन नऊ-दहा टन. हे काम साध्या पत्रेवाल्याला अंगावर द्यायचं नाही.

अख्खा पत्रा पडून राहिला तर धोका कमी. फोडला, कापला, घासला की तंतू हवेत जातात, छातीत बसतात आणि त्रास वीस-तीस वर्षांनी निघतो. म्हणून: आदल्या संध्याकाळी आणि काढताना पाण्यात थोडा साबण घालून फवारा. हुकाचे बोल्ट गंजलेले असतात, ते पिळून काढायला गेलं की पत्रा फुटतो, म्हणून बोल्ट बोल्टकटरनं तोडायचा. पत्रा वरून खाली टाकायचा नाही, दोघांनी दोरानं सोडायचा. २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकमध्ये दोन वेळा गुंडाळून चिकटपट्टी. तोंडाला रुमाल चालत नाही, पी-३ किंवा पी-१०० फिल्टरचा मास्क लागतो. कपडे घरी धुवायला न्यायचे नाहीत. आणि पत्र्यावर थेट पाय कधीच नको, जुना पत्रा माणसाचं वजन घेत नाही. फळ्या टाकून कैचीच्या रेषेवरूनच चालायचं.

विल्हेवाट घातक कचऱ्याच्या केंद्रात: रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारणा करा. शेताच्या बांधावर रचून ठेवणं किंवा गोठ्याला देणं, दोन्ही नको.

बांधावरचा:
अहो पण गावोगाव हेच पत्रे आहेत. शाळांवर आहेत, गोठ्यांवर आहेत. आपल्या देशात हे पत्रे विकायला बंदीही नाही. एवढा बाऊ कशाला? वरून रंग मारा आणि राहू द्या.

ओला कपडा:
बंदी नाही हे बरोबर. म्हणूनच पत्रे शाबूत असते आणि खाली नुसतं गोदाम असतं तर मीही लेप देऊन ठेवा म्हणालो असतो. इथं खाली राहायचंय, छपराला उष्णतारोधक थर द्यायचाय, कैच्या रंगवायच्यात, म्हणजे प्रत्येक पत्र्याला हात लागणारच आहे. हात लागणार असेल तर तो एकदाच आणि नीट लागू द्या. दुसरं म्हणजे या छपरावरचं पाणी साठवायचंय का? झिजलेल्या पत्र्यावरचं पाणी पिण्यात नको.

बांधावरचा:
पाण्याचा मुद्दा पटला.

थर्मामीटर:
आता उन्हाचं. दोन इमारती, दोन वेगळे आजार.

टावरचा आजार स्लॅब. पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. बहुतेक जुन्या गच्च्यांवर गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर कोबा चढवलेला असतो. चार इंच ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास, आणि त्याचे दोन थर असतील तर स्लॅबवर केवढं ओझं ते बघा. तो सगळा काढा. मग जलरोधक थर, त्यावर ५० मिमी एक्सपीएसच्या, म्हणजे कडक फोमच्या, पाट्या (चौरस मीटरला दोन किलोसुद्धा नाहीत), वर पातळ जाळीचा काँक्रीट आणि पांढरा चायना मोझॅक. ओझं निम्म्यावर येतं आणि उष्णता पाच-सहा पटीनं कमी उतरते.

टावरच्या काचेबद्दल तुम्ही नशीबवान आहात. धावपट्टी उत्तरेला म्हणून मोठी खिडकी उत्तरेला, वर्षभर सावलीचा उजेड. फक्त मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकतो तेव्हा सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर तिरपं ऊन येतं. त्याला छज्जा कामाचा नाही, उभ्या पट्ट्या लागतात, नाहीतर बाहेरून बांबूचे पडदे. हीच इमारत पट्टीच्या उत्तरेला असती तर काच दक्षिणेला आली असती. तिथं छज्जा पुरतो: लातूरच्या अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य साधारण ४८ अंशांवर असतो आणि मेमध्ये जवळजवळ डोक्यावर, त्यामुळे थंडीत ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात बाहेर राहतं. खरं वैरी पश्चिमेचं ऊन. पश्चिम भिंतीला नवीन खिडकी कुणी कितीही म्हणालं तरी पाडू नका.

हँगरचा आजार पत्रा. दुपारी उघडा पत्रा ६५ अंशांच्या पुढे जातो, खाली बसलेल्या माणसाला डोक्यावर तवा धरल्यासारखं होतं. ५० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेलं) टाकलं की छपरातून येणारी उष्णता दहाव्या हिश्श्याच्याही खाली येते. पण पॅनेलखाली हवा फिरायला जागा आणि आढ्याला झरोका हवाच. आणि थंडीचं विसरू नका. डिसेंबरात पहाटे आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, उघडा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून गार पडतो आणि खालच्या बाजूनं दव टिपकतं. नुसता साधा पत्रा टाकून आत पीओपी करणाऱ्यांची छतं पिवळी पडतात ती यामुळे.

वाडा:
हँगरमध्ये चौक काढा! ६० फूट रुंदीत मधल्या खोल्यांना उजेड-वारा कुठून येणार? दोन कैच्यांमधली जागा म्हणजे एक गाळा, असे आठ गाळे आहेत. मधल्या दोन गाळ्यांवरचे पत्रे टाकूच नका, कैच्या तशाच ठेवा. २५ × ६० फुटांचा चौक मिळतो, दोन्ही अंगांना तीन-तीन गाळे. आपल्या वाड्यांनी हेच केलंय. चौकात शहाबादी फरशी, मधे तुळस आणि एक कडुनिंब. वर कैच्यांची सावली फरशीवर पडेल ती काही औरच.

वळीव:
वाडा ताई, कल्पना फार सुंदर, पण वारा या छपराचं काय करेल ते आधी बघू. वळवाच्या पावसात दरवर्षी पत्रे उडाल्याच्या बातम्या येतात त्या खालून वारा शिरल्यामुळे.

वाऱ्याच्या भारसंहितेत, आयएस ८७५ भाग ३ मध्ये, भिंतींतली उघडी जागा पाच टक्क्यांच्या आत असेल तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरतात, पाच ते वीसमध्ये ०.५, वीसच्या वर ०.७. वरून ओढ ०.८ ची धरली तर बंद घरात एकूण १.०, चौक उघडा टाकला तर १.५. संभाजीनगरचा ३९ मीटर प्रति सेकंद हा मूळ वेग उदाहरणाला घेऊ: दाब चौरस मीटरला ९०० न्यूटनच्या थोडा वर. म्हणजे बंद हँगरवर उचल चौरस मीटरला साधारण ९० किलो, उघड्यावर १४०. जुना सिमेंटचा पत्रा चौरस मीटरला पंधरा-सोळा किलोचा, नवीन पफ पॅनेल दहा-बाराचं. म्हणजे तुम्ही छप्पर हलकं करताय आणि वाऱ्याला दार उघडताय, दोन्ही एकाच वेळी.

शिवाय पत्रे काढले की परलिन, म्हणजे पत्रे ज्यांवर बसतात त्या कैच्यांवरच्या आडव्या पट्ट्या, आडव्या हलायला मोकळ्या होतात.

वाडा:
मग चौक रद्दच?

वळीव:
रद्द नाही. चौकाकडच्या दोन्ही भिंती छपराच्या पोटापर्यंत पूर्ण न्या, फट न ठेवता. मग चौक 'बाहेर' झाला आणि दोन्ही अंगांचे तीन-तीन गाळे स्वतंत्र बंद इमारती झाल्या, गुणांक परत ०.२ वर. चौकावरच्या परलिन काढू नका. तिथं कैच्यांच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत फुलीचे नवीन ताण-दांडे द्या. छपराच्या चारही कडांना आणि कोपऱ्यांत ओढ सगळ्यात जास्त, तिथं स्क्रू दुप्पट. आणि खांबांच्या पायातले बोल्ट उघडून बघा, छप्पर कितीही आवळलं तरी शेवटी सगळं त्यांच्यावर लटकतं.

वाडा:
छपरापर्यंत भिंत म्हणजे आवाजही अडेल. मान्य. आणि चौकाला दोन्ही बाजूंनी चार-चार फुटांची ओसरी ठेवा, नाहीतर पावसात एका अंगाकडून दुसरीकडे जायला छत्री लागेल.

किल्लारी ९३:
टावरच्या ताकदीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि जागा लातूर-धाराशिव हद्दीवर आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथं काय झालं ते सांगायला नको. त्याआधीच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, नंतर तो त्याहून वरच्या, झोन ३ मध्ये गेला. चाळीसच्या दशकातलं ऑफिस भूकंपाचा विचार करून बांधलेलं नसणार. ते १९९३ मध्ये उभं राहिलं हा पुरावा पुरेसा नाही, भिंतीत त्या वेळचे तडे प्लास्टरखाली असू शकतात. कोपऱ्यांतलं आणि खिडक्यांच्या कोनांतलं प्लास्टर खरवडून बघा, तिरपे तडे तिथंच असतात.

तुमच्या टावरचा खास दोष म्हणजे तीच लांब खिडकी. वरच्या मजल्यावर उत्तरेला भिंत जवळजवळ नाही, दक्षिणेला भरीव आहे. धक्का बसला की इमारत पिळवटते. खिडकीच्या चौफेर पोलादी चौकट बसवून ती खाली पट्ट्यात आणि वर स्लॅबमध्ये गुंतवायची. लिंटेलच्या पातळीवर आणि स्लॅबखाली आत-बाहेर वेल्डमेशचा पट्टा: जाळी भिंतीला खिळून, १:३ सिमेंट-वाळूचे दोन हात, चारही कोपऱ्यांना वळवून पुढे नेलेला. पट्टा कोपऱ्यावर तुटला तर केलेलं सगळं वाया. दुरुस्तीची संहिता आयएस १३९३५, इंजिनिअरला ती उघडायला लावा.

स्लॅबसाठी: खालून पोपडा सुटलेल्या जागी ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन फवारा. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला जपतंय, रंग बदलला नाही तर तिथवर हवा पोचली. सळईपर्यंत बिनरंगी असेल तर नुसतं प्लास्टर मारून झाकू नका. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढा, सळई घासा, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर. टावरवर तिसरा मजला नाही. पाण्याची टाकीसुद्धा गच्चीवर नको, बाजूला वेगळ्या लोखंडी घोडीवर.

मुरूम:
जमिनीबद्दल. धावपट्टीसाठी मुरमाड माळच निवडायचे, त्यामुळे पाया चांगला असण्याची शक्यता आहे. पण माळावरही मधेच काळ्या मातीचा खिसा निघतो. चारही कोपऱ्यांत दोन मीटर खड्डे घ्या. काळी लागली तर फ्री स्वेल चाचणी करा, म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते कळेल. ५० टक्क्यांच्या वर गेली तर नवीन भिंतींना साधा पाया चालणार नाही, अंडररीम पाइल (खाली फुगवटा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब) घ्यावे लागतील.

हँगरच्या फरशीत ऑइल मुरलेलं असतं. त्यावर थेट टाइल चिकटवली की वर्षात वाजायला लागते. ऑइल धुऊन पूर्ण निघत नाही. वर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर ५० ते ७५ मिमीचा जाळीचा सुटा थर घाला, मग शहाबादी. खालच्या फरशीशी सांधायला जाऊच नका.

गोदाकाठ:
ऑइलचं निघालं म्हणून: इंधनाची टाकी शोधा. हँगरच्या आसपास जमिनीतून वर आलेला, टोक वाकवलेला दोन इंची पाइप दिसला तर तो टाकीचा श्वासनळ असू शकतो. त्या काळच्या विमानी पेट्रोलमध्ये शिसं घालायचे. टाकीच्या भोवतीच्या मातीचे नमुने एक फूट, एक मीटर आणि दोन मीटरवरून घेऊन शिसं आणि पेट्रोलियम दोन्ही तपासा. तिथं विहीर किंवा बोअर असेल तर पाणीही. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. कटर किंवा वेल्डिंग लावायचं नाही, आत माणूस उतरवायचा नाही. स्फोटक सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे पेसोच्या, नियमानं बंद करून घ्या, मुख्यालय नागपूरलाच आहे.

खोदताना गंजलेली काडतुसं किंवा ओळखीची नसलेली लोखंडी वस्तू निघाली तर हात न लावता पोलिसांना फोन. आणि ऑफिसच्या खोलीत जुनी चमकत्या आकड्यांची घड्याळं-मापकं पडलेली असतील तर खरवडू नका, त्या रंगात रेडियम असायचं.

थेंब:
पाण्याचा हिशोब कुणी केला नाही म्हणून करतो. हँगरचं छप्पर जमिनीवरच्या मापानं ५५७ चौरस मीटर. चौकाचे दोन गाळे वजा केले तर ४१८. पाऊस ७०० मिमी धरा, गळती-उडणं जाऊन ८५ टक्के हाती: साधारण अडीच लाख लिटर. चौघांना माणशी १३५ लिटरनं पाऊस नसलेल्या आठ महिन्यांना १ लाख ३० हजार लागतात. म्हणजे १ लाख ३० हजारांची टाकी भरून वर लाखभर लिटर बोअरच्या पुनर्भरणाला उरतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. या छपराकडे कुणी भंगार म्हणून बघत असेल तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, चौरस मीटरला किमान एक लिटर, म्हणजे इथं चारशे-पाचशे लिटरचा वेगळा डबा. टाकी जमिनीखाली, झाकण घट्ट, इंधनटाकीपासून शक्य तितकी लांब आणि उताराच्या वरच्या अंगाला. पन्हाळीचं माप वळवाच्या सरीवर ठरवा, रिमझिमीवर नाही.

थर्मामीटर:
थेंब, तुमच्या हिशोबात कूलर धरा. मेमध्ये आपली हवा कोरडी असते म्हणून कूलर इथं उत्तम चालतो, ४२ अंशांची हवा २७ पर्यंत आणतो. पण मोठा कूलर ताशी २५ ते ३० लिटर पाणी पितो. दहा तास चालवला तर दिवसाला पावणेतीनशे. दोन महिन्यांचे सोळा-सतरा हजार.

थेंब:
बरोबर, तो वाढवा. टाकी दीड लाखाची करा.

विजेरी:
मोकळ्या माळावर सगळ्यात उंच तुमचाच टावर, आणि आपल्याकडे मे-जूनमध्ये वीज पडण्याचं प्रमाण मोठं. टावरला वीजरोधक दांडा आणि दोन उतार-तारा. हँगरचा सांगाडा स्वतःच चांगला वाहक आहे, फक्त प्रत्येक कोपऱ्याचा खांब अर्थिंगच्या वेढ्याला जोडा. कोरड्या मुरमात अर्थिंग धरत नाही, एका खड्ड्यावर भागणार नाही. रोध मोजून आकडा लिहून घेतल्याशिवाय इलेक्ट्रिशियनचं बिल देऊ नका.

माळरान:
मंडळी, काय बोलू. दोन वर्षांत कुणी एवढं सांगितलं नव्हतं. सगळं उतरवून घेतलंय. सांधे बोल्टचे आहेत, रिव्हेट फक्त कैचीच्या टोकाच्या पट्ट्यांना. पाइप एक दिसतोय, हँगरच्या नैर्ऋत्येला. तिथं आता कुणाला खोदू देणार नाही.

पण मूळ प्रश्न राहिलाच. टावर की हँगर? आणि हँगरच्या १७ फुटांत दोन मजले बसतील का?

रिव्हेट:
दोन मजले बसत नाहीत. १७ फूट म्हणजे ५.१८ मीटर. राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची लागते. त्यावर १५ सेंमीचा मजला धरला की वर २.२८ उरतात, ते राहण्यात धरत नाहीत. माळा काढा, धान्य-सामानाला. वरचा भार कैचीवर टांगू नका, माळ्याचे खांब वेगळे. आतल्या भिंतीही हँगरच्या खांबांना चिकटवू नका, दोन इंच सोडा. लोखंड दिवसभरात लांबतं-आखडतं, वीट तसं करत नाही, सांध्यात उभा तडा येतो.

थर्मामीटर:
माझं मत: दोन्ही वापरा, पण कामं वाटून.

झोपायला टावर. जिना मात्र बदलावा लागेल. अशा ऑफिसात शिडीवजा खडा जिना असतो, घराला पायरी २५ सेंमी रुंद आणि चढ १९ सेंमीच्या आत हवा. वरच्या काचेच्या खोलीत झोपू नका, ती बसायची-अभ्यासाची. शयनघरं खालच्या मजल्यावर, तिथं वरचा मजलाच छपराचं काम करतो.

स्वयंपाकघर, बैठक, जेवण हँगरच्या पूर्वेकडच्या तीन गाळ्यांत. सरकते दरवाजे तिथंच आहेत. ते काढू नका. चार फूट आत नवीन काचेची भिंत घ्या. सकाळी ऊन आलं की दरवाजा अर्धा लोटायचा, उतरलं की उघडायचा. मधे चौक. पश्चिमेचे तीन गाळे बंद ठेवा: कोठार, ट्रॅक्टर, कामाची जागा. दुपारचं ऊन ते तीन गाळे खातील आणि चौकापलीकडच्या घराला लागणार नाही.

वाडा:
हे पटलं. पश्चिमेला गोठा-कोठार ठेवायची रीत आपल्या जुन्या घरांतही दिसतेच की.

दख्खनी पंख:
दरवाजाचा रूळ मोकळा करताना खालची खाच बघा, चाकं बहुधा खोबणीची असतील. बेअरिंग धुऊन ग्रीस भरलं की बरेचदा चालतात. नवीन चाकं करायचीच वेळ आली तर जुनं एक नमुना म्हणून जपून ठेवा. धुळीसाठी कडांना ब्रशच्या पट्ट्या.

माळरान:
शेवटचं. पत्रे आत्ता काढू की पावसाळा झाल्यावर?

ओला कपडा:
पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. मे-जूनमध्ये वळवाचा वारा असतो, पत्रे काढलेले आणि नवीन आलेले नाहीत अशी उघडी कैची त्यात सापडायला नको. शिवाय उन्हाळ्यात मास्क घालून कुणी दोन तासांवर काम करू शकत नाही, आणि मास्क काढला की सगळी काळजी फुकट. तोवर वरून काही उतरवू नका, फुटलेल्या पत्र्याखाली प्लास्टिक ताणा आणि खाली झाडू मारू नका, ओलं पुसा.

वळीव:
तेवढ्या चार-पाच महिन्यांत पायाचे बोल्ट, जाडीमापन, लोखंडाची चाचणी, मातीचे नमुने हे सगळं उरकतं. पॅनेलची ऑर्डर चाचण्यांचे आकडे हातात आल्यावरच. आधी दिली तर स्क्रूचं अंतर आणि परलिनची जाडी विक्रेता ठरवतो.

नमुना सात:
आणि त्याच काळात खासरा पाहणीची प्रमाणित नक्कल. तालुक्याला जाताना सर्व्हे नंबर जुना आणि नवा दोन्ही घेऊन जा. नुसता गट नंबर दिला तर १९५४ चं पान सापडत नाही.